जुसोहचे हात

१

तामान मेलुरच्या तिसऱ्या गल्लीत कुणाचा जावई रुसला, कुणाकडे उसना तांदूळ गेला आणि कुणाची मांजर कुणाच्या बुटात व्याली, हे सालबियाला ठाऊक नसेल तर कुणालाच ठाऊक नसायचं. खिडकीची जाळी तिच्या कपाळाला लागून लागून एका जागी काळी पडली होती. कुणी हसलं तर ती म्हणे, "शेजार आहे. माणूस माणसाकडे नाही बघणार तर काय भिंतीकडे बघेल?"

पण एक गोष्ट तिने गल्लीपासून लपवली होती. तिच्या नवऱ्याचे, लतिफचे डोळे जात होते. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पडद्याचा मधला भाग झिजलाय. कडेचं दिसत राहील, समोरचं पुसत जाईल. तोवर झालंही होतं तसंच. सालबियाकडे बघितलं की लतिफला तिच्या डोक्यावरच्या तुडुंगची किनार दिसे आणि मध्ये चेहऱ्याच्या जागी नुसता धुरकट डाग.

"तीस वर्षांनी सुटलो," तो म्हणाला होता. त्या दिवशी सालबियाने त्याला उलट उत्तर दिलं नाही, यावरूनच काय ते समजा.

गाडी चालवायची नाही, असं बाईंनी बजावलं होतं. पण लतिफ आणि त्याचे दोन दोस्त महिन्यातल्या एका रविवारी उंच चाकांच्या गाड्या घेऊन रानात जात, ओढ्यांतून, दगडांतून. वीस वर्षं जात होते. तेवढा एक रविवार काढून घेतला तर लतिफकडे काही उरणार नव्हतं.

"एकदाच," तो म्हणाला. "सेराऊच्या धबधब्यापर्यंत जाऊन येतो, मग किल्ली तुझी. पण त्या दोघांना सांगायचं नाही. कीव करतील."

"सांगत नाही. पण मी येणार. तुम्हाला दिसणार नाही ते मी बघीन."

"तू? पाच मिनिटं गप्प बसवत नाही तुला."

"बघायला तोंड लागत नाही, बांग," ती म्हणाली; नवऱ्याला ती बांगच म्हणे. मग ती नासी लमाकच्या, नारळभाताच्या, पुड्या बांधायला लागली.

२

निघताना टिंगल झालीच. जुसोह, साठी उलटलेला, जन्मभर लाकडाची लॉरी चालवलेला माणूस, गाडीला टेकून म्हणाला, "काय लतिफ, आपण रविवारी कुठे जातो त्याचा तपास लागलेला दिसतोय घरी."

"तपास कसला करायचा, पाक जुसोह? चिखलात लोळायला जाता," सालबिया म्हणाली. "म्हशी पण जातात. त्या निदान दूध देतात."

अह किओंग हसता हसता खोकला. तो मेकॅनिक, तिघांच्या गाड्यांची आतडी त्याला पाठ. सालबियाला तो काक, म्हणजे ताई, म्हणे. "काक साल, माझ्या पुडीत तिखट सांबाल जास्त आहे ना? मग तुम्ही रोज आलात तरी चालेल."

राऊब मागे पडलं, रबराच्या बागा संपल्या, लाकूडतोडीचा लाल रस्ता लागला आणि मग तो रस्ता सरळ नदीत उतरला. सेराऊचं पात्र म्हणजे दगडांचा नुसता बाजार. त्यातून कधी या काठाने तर कधी त्या काठाने वर चढत जायचं. पुढे जुसोह, मध्ये लतिफ, शेवटी किओंग. सालबिया ओठ न हलवल्यासारखं करून सांगत होती, "डावीकडे खड्डा. आता फांदी." लतिफचे हातपाय सवयीनेच चालत होते.

"आणि एक ऐक," तो म्हणाला. "पाण्यात उतरलो की अवाक्षर नाही. नदीत गाडीचा मालक एकच, जो समोर पाण्यात उभा राहून हात दाखवतो तो. आपण पाणी बघायचं नाही, दगड बघायचे नाहीत, शेजारच्याचं ऐकायचं नाही. दोघांचं ऐकलं की गाडी बुडते."

"पण तुम्हाला त्यांचे हात दिसतात का?"

"जुसोहचे हात मला झोपेत दिसतात. कडेने हलताना कळले तरी पुरे."

पहिल्या उतारावर जुसोह हातात बांबू घेऊन मांडीभर पाण्यात शिरला. डोक्यावर कापडी टोपी, अंगात विटका केशरी सदरा. बांबूने तळ चाचपला, बांबू काठावर फेकला आणि दोन्ही हात वर केले. त्याच्या डाव्या हाताला शेवटची दोन बोटं नव्हती. गाडी ओढायच्या तारेत गेली होती कधीतरी. किओंग म्हणायचा, पाक जुसोह दहा फूट म्हणाले की आठ समजायचं.

"ये ये, लाजू नकोस, नवरी आहेस का?" जुसोह पाण्यातून ओरडत होता. त्याचं तोंड हातांपेक्षा जास्त चालायचं. "इकडे घे. अरे इकडे, माझी बोटं कमी तिकडे."

लतिफने कोंबडीसारखी मान तिरकी केली होती. समोरचं पुसट, म्हणून डोळ्याच्या कडेने बघत होता. सालबियाने पदराआड देवाचं नाव घ्यावं तसं तुडुंगचं टोक तोंडात धरलं. गाडी हेलकावे खात पार झाली. गाडीने उडवलेल्या पाण्याने सदरा गळ्यापर्यंत भिजलेला जुसोह बॉनेटवर थाप मारून म्हणाला, "पास."

३

पुढच्या वळणावर जुसोहची गाडी बांबूच्या बेटाआड दिसेनाशी झाली. नदी तिथे पुन्हा ओलांडायची होती. लतिफ उतारावर आला तेव्हा मधोमध कमरेभर पाण्यात तो उभाच होता. टोपी पुढे ओढलेली, केशरी सदरा, दोन्ही हात वर.

बोटं आत वळली: ये.

लतिफने गाडी घातली. हात थोडे उजवीकडे झुकले, गाडी उजवीकडे गेली. हात थांबले, गाडी थांबली. दगड कसले ते जाणवलंसुद्धा नाही. ताटातून वाटी सरकावी तशी गाडी सरकली. सालबिया मनात म्हणाली, हा माणूस कामाचा आहे खरा.

मग तिच्या लक्षात आलं की जुसोह बोलत नाहीये. एकही टोमणा नाही. आणि सदरा कोरडा आहे. मघाशी गळ्यापर्यंत भिजलेला सदरा उन्हात कसा पिवळसर चमकत होता. ऊन आहे, वाळला असेल, ती स्वतःला म्हणाली. दमलाही असेल, म्हातारा माणूस. गाडी त्याच्या बाजूने वर चढली. तिने हात हलवायला मान वळवली, तोवर मध्ये झाड आलं.

बांबूच्या बेटापलीकडे जुसोहची गाडी उभी होती. टपावर बसून, नुसत्या बनियनवर, जुसोह नासी लमाक खात होता.

"अरे, आलास पण?" तो घास गिळून म्हणाला. "मी म्हटलं पुडी संपवतो आणि मग खाली येतो तुला हात दाखवायला. म्हातारपणी शहाणा झालास."

"चल, थापा नको मारूस," लतिफ हसला.

"थापा कसल्या? एकटा आलास, चांगला आलास." जुसोहही हसला. दोघांना वाटलं, समोरचा चेष्टा करतोय.

केशरी सदरा बॉनेटवर वाळत घातला होता. एका बाहीचं टोक अजून ठिबकत होतं. खाली धुळीत त्या थेंबांनी चांगला खळगा पाडला होता.

सालबियाच्या जिभेवर दहा प्रश्न आले. पण एक जरी विचारला असता तर पुढचा प्रश्न जुसोहने लतिफला विचारला असता: पाण्यात कोण होतं ते तुला दिसलं नाही का? तिने लतिफकडे पाहिलं. वर्षभरात तो असा मोकळा हसला नव्हता.

सालबियाने पुडी उघडली आणि तोंडात भात कोंबला.

४

किओंग आलाच नाही. थोड्या वेळाने गाडीतला वायरलेस खरखरला. "पाक जुसोह, मागचं चाक दोन दगडांत बसलंय. या, नाहीतर मी इथेच दुकान थाटतो."

जुसोहने ओला सदरा अंगात घातला, गाडी वळवली. जाता जाता खिडकीतून म्हणाला, "लतिफ, तू पुढे हो. मोठा काळा दगड आहे ना, तिथे थांब. खालचा डोह खोल आहे, दर पावसाळ्यात तळ बदलतो. मी येऊन बांबू घातल्याशिवाय चाक भिजवायचं नाही."

"मला शिकवतोस?"

"तुला नाही. तुझ्या बायकोला सांगतोय. तीच बघतेय सकाळपासून रस्ता," जुसोह म्हणाला आणि निघून गेला. लतिफचा चेहरा उतरला. सालबियाने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, त्याने तो हळूच बाजूला केला.

काळ्या दगडापाशी त्यांनी गाडी लावली. भर दुपार होती. सेराऊ तिथे आवाज न करता वाहत होती. वर दगडांत एवढा खळखळाट आणि इथे पाणी तेल ओतावं तसं. इंजिन चालूच होतं, टपावर एक काजूच्या रंगाचा किडा टकटक आपटत होता. वायरलेसवर मधूनमधून जुसोहचा आवाज येई.

"त्याला कळलंय," लतिफ म्हणाला.

"कळू दे. दोस्त आहे."

"कळलं की तो मला पाण्यात घालणार नाही. किओंगला चालवायला सांगेल. मी शेजारी बसेन, पुड्या धरून." तो समोर बघत राहिला. मग एकदम ताठ झाला. "हा बघ. आला."

सालबियाने पाहिलं. काळ्या दगडापलीकडे, तेलासारख्या पाण्यात, कमरेपर्यंत बुडालेला तो उभा होता. टोपी, केशरी सदरा. हात वर.

"बांग, ते मागे गेलेत. किओंगकडे."

"रानातून पायवाट असेल. त्याला सगळ्या माहीत आहेत."

"आणि गाडी?"

"गाडी किओंगकडे. साल, प्रत्येक गोष्टीत नाक खुपसायलाच हवं का?"

तेवढ्यात वायरलेसमधून जुसोह म्हणाला, "हळू. हळू ये. हं, अजून थोडं."

"ऐकलंस?" लतिफ म्हणाला. त्याने गियर टाकला. "आता तोंड बंद."

५

चाकं पाण्यात शिरली. सालबिया तोंड बंद ठेवून बसली होती. नियम तोडून गाडी बुडाली तर दोष तिचा, हे तिला कळत होतं. जुसोहच आहेत, तिने मनाला समजावलं. सदरा तोच, टोपी तीच, उभं राहण्याची ढबसुद्धा तीच.

"हळू," वायरलेस म्हणाला. "थोडं मागे घे आता."

समोरचे हात मागे घे म्हणत नव्हते. ते ये म्हणत होते.

आणि दोन्ही हात वर होते. मग बोलायचं बटण कोण दाबतंय?

"ब्रेक सोड, किओंग," वायरलेसवरचा जुसोह म्हणाला. पण इंजिनच्या घरघरीत लतिफने ते ऐकलं की नाही, कोण जाणे. सालबियाने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. लतिफ हसत होता, लहान मूल दिव्याकडे बघून हसतं तसा. आणि त्याची मान तिरकी नव्हती. तो सरळ, नाकासमोर बघत होता.

पाणी दाराच्या पट्टीला लागलं. तिने पुन्हा पुढे पाहिलं, आणि ती ज्या कामात गल्लीत सगळ्यांना भारी होती ते काम तिने केलं. नीट निरखून पाहिलं.

पाणी त्याच्या कमरेला अडत नव्हतं. दगडाभोवती, बांबूभोवती, पाण्यातल्या कुठल्याही वस्तूभोवती पाणी जरा फाटतं, मागे रेघ सोडतं. इथे पाणी सरळ वाहत होतं, जसं काही तिथे कुणी नाहीच. टोपीखाली सावली होती, फार जास्त सावली. आणि डाव्या हाताची बोटं आत वळत होती, एकामागून एक, सावकाश. शेवटची दोनसुद्धा.

तो एक पाऊल मागे सरकला, डोहाकडे. पाणी कमरेवरच राहिलं. लतिफचा पाय खाली दाबला गेला, गाडीचं नाक खाली झुकलं, बॉनेटवर पाणी चढलं.

सालबियाने हात घालून किल्ली फिरवली आणि उपसून काढली.

नदीत इंजिन बंद करणं म्हणजे गाडीला स्वतःच्या हाताने मारणं, हे तिला लतिफनेच कधी सांगितलं होतं. सगळं एकदम शांत झालं. गार पाणी घोट्यांवर आलं. लतिफने तिच्याकडे तोंड वळवलं. तीस वर्षांत त्याने तिच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं, आणि आता तर त्याला तिचा चेहरा दिसतही नव्हता.

"किल्ली दे," तो म्हणाला. "तो बोलावतोय."

तिने किल्ली मुठीत आवळली आणि भोंग्यावर हात दाबून धरला. समोर बघायची तिची छाती झाली नाही. जुसोह काठावरून हाका मारत धावत येईपर्यंत तिने तो हात काढला नाही.

६

किओंगने तार लावून गाडी मागे ओढली. कुणी टिंगल केली नाही. लतिफ काठावर बसला होता, पाय अजून पाण्यात. जुसोह एकटाच काळ्या दगडावर गेला आणि जिथे गाडीचं नाक थांबलं होतं त्याच्या दोन हात पुढे त्याने बांबू घातला. पुरुषभर बांबू आत गेला. मग मनगट गेलं, मग दंड. तळ लागला नाही. त्याने बांबू सोडून दिला, तो पुन्हा वर आला नाही.

तो परत आला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते. "लतिफ, मी थांब म्हटलं होतं. कुणाचे हात बघून उतरलास?"

"तुझे."

"मी किओंगपाशी होतो."

"पाक जुसोह माझ्यापाशी होते," किओंग उगाचच पुन्हा म्हणाला. "माझ्यापाशीच होते."

आता लपवण्यात काही अर्थ नव्हता. सालबियाने सांगून टाकलं, डोळे, डॉक्टरीणबाई, सगळं. पाण्यातलं सांगायला गेली आणि बोटांपाशी अडली. जुसोहने आपला डावा हात हळूच खिशात घातला.

"डोळे अधू, त्यात पाण्यावर ऊन," किओंग म्हणाला. "झाडाचं खोड वाहत आलं असेल. भास होतो माणसाला." त्याच्या आवाजात विनवणी होती. सगळ्यांनी मान डोलावली.

"भास नव्हे," लतिफ म्हणाला. तो नदीकडे बघत होता. "मला साल दिसत नाही. जुसोह, तू दिसत नाहीस, नुसता डाग दिसतो. सकाळी पहिल्या उतारावर तुझे हात मी अंदाजानेच ओळखले. पण हे हात..." त्याने स्वतःचे हात पुढे धरले, बोटं पसरून. "नखं दिसत होती मला. नखांतली माती दिसत होती. वर्षभरात मला एवढं स्वच्छ काही दिसलं नाही."

त्याचा आवाज भिजला होता. घाबरून नव्हे. सालबियाला ते तिथेच कळलं, आणि तिने किल्लीची मूठ आणखी आवळली.

७

गाडीचं इंजिन किओंगने खोलून गॅरेजात नेलं. उरलेला सांगाडा घरासमोरच्या पडवीत विटांवर उभा राहिला, चाकंसुद्धा काढलेला. किल्ली सालबियाने तांदळाच्या डब्यात पुरली. जुसोह एकदा केळी घेऊन येऊन गेला, आत काही बसला नाही.

लतिफ शांत होता. जेवत होता, नमाज चुकवत नव्हता. दुपारी मात्र सांगाड्यात जाऊन बसे. सवय आहे, सालबिया म्हणे. बसू दे, कुणाचं काय जातंय.

एका दुपारी ती कपडे वाळत घालायला बाहेर आली. लतिफचे हात स्टिअरिंगवर होते. ते हलत होते, थोडे उजवीकडे, थांबून, थोडे डावीकडे. पाय जिथे ब्रेक होता तिथे अलगद दाबला जात होता. ओठांवर तेच हसू. मान सरळ, नाकासमोर. तो फाटकाकडे बघत होता.

तिच्या हातातला ओला सारोंग जमिनीवर पडला. ती धावली नाही, ओरडली नाही. चालत गेली आणि गाडी आणि फाटक यांच्या मध्ये, फाटकाला पाठ करून, त्याच्या समोर उभी राहिली.

लतिफचे हात थांबले. भुवया जवळ आल्या.

"साल," तो प्रेमाने म्हणाला, "जरा बाजूला हो. तुझ्या मागचा काय सांगतोय ते दिसत नाहीये."

आयुष्यभर तिने प्रत्येक भिंतीवरून डोकावून पाहिलं होतं. आत्ता मान अर्धी वीत वळवायची होती, तेवढी तिने वळवली नाही. लतिफच्या धुरकट डोळ्यांकडे बघत ती पाय रोवून उभी राहिली.

तेवढ्यात तिच्या टाचांना गार पाणी लागलं.

शेजारचा गाडी धूत असेल, तिने मनाला सांगितलं. पण शेजारचे सगळे सकाळीच तेमेर्लोहला लग्नाला गेले होते. कोण कोण गाडीत बसलं, कुणी कुठला रंग नेसला होता, हे तिने स्वतः जाळीला कपाळ लावून पाहिलं होतं.